आयपीए प्यायची तर आधी तारीख बघा

बिअर शॉपीच्या काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला, स्ट्राँग की माइल्ड. दुसरा, चिल्ड देऊ का. होपी बिअर घ्यायची असेल, म्हणजे हॉप या फुलाच्या वासावर चालणारी, पेल एल, आयपीए (इंडिया पेल एल), हेझी (तिचाच गढूळ प्रकार) असलं काही, तर या दोन्हीच्या आधी आपणच विचारायला पाहिजे, "दादा, तो कॅन जरा दाखवा, तारीख बघायचीय." कॅनच्या बुडाला नाहीतर बाटलीच्या लेबलवर मॅन्युफॅक्चरिंग डेट छापलेली असते, ती बघायची. एक्स्पायरीवर जायचं नाही. एक्स्पायरीच्या आत असलेली आयपीए बिघडलेली नसते हे खरं, पण ज्याच्यासाठी आपण साध्या लागरपेक्षा, म्हणजे नेहमीच्या बिअरपेक्षा जास्त पैसे मोजले ते तिच्यात उरलेलं असेलच असं नाही. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, गेली काही वर्षं ठाणे, नवी मुंबई आणि मुंबईतल्या बिअर लक्ष देऊन पितोय, आणि माझं मत आता पक्कं झालंय की लांबून आलेल्या मोठ्या नावाच्या जुन्या आयपीएपेक्षा जवळपास बनलेली, दोन-तीन आठवड्यांपूर्वीची साधी पेल एल कधीही भारी.

कारण सांगतो, जरा आत जाऊन. हॉप हे एका वेलीचं फूल, वेल भांगेच्या कुळातली, आणि बिअरच्या कामाला येतात ती फक्त मादी वेलीची फुलं. हिरवं शंकूच्या आकाराचं फूल उघडलं की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी चिकट पूड दिसते, तिला ल्युप्युलिन म्हणतात, सगळा खेळ त्या पुडीचा. तिच्यात एक तर अल्फा ॲसिड असतात, ती बराच वेळ उकळली की त्यांची रचना बदलते आणि बिअरला कडवटपणा येतो. आणि असतात सुगंधी तेलं, ती उकळली की वाफेबरोबर उडून जातात. म्हणून ब्रूअर, म्हणजे बिअर बनवणारा, सगळे हॉप्स एकदम टाकत नाही, थोडे उकळीच्या सुरुवातीला कडूपणासाठी, थोडे आच बंद करताना, आणि उरलेले बिअर आंबत असताना किंवा आंबून झाल्यावर गारच टाकतो, तेच ड्राय हॉपिंग. आमटी उतरवल्यावर वरून कोथिंबीर घालतो ना, त्यामागे जो विचार तोच इथे.

तर कडू आणि होपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे बहुतेकांना हेच कोणी नीट सांगितलेलं नसतं. आयपीए कडू असते म्हणून नको म्हणणारी लोकं मला भेटतात, त्यांनी बहुतेक वेळा जुनी आयपीए प्यायलेली असते, कारण जुनी होताना आधी वास जातो, कडवटपणा मात्र बऱ्यापैकी टिकून राहतो. मग उरतं काय तर नुसतं कडू पाणी, वर माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, थोडा गोडसर करपट वास, आणि फारच जुनी असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा. तेवढं पिऊन कोणी आयपीएला फुली मारली तर त्याचं काय चुकलं.

कडवटपणा मोजायला आयबीयू नावाचा आकडा आहे. अमेरिकन पेल एल साधारण 30 ते 50, अमेरिकन आयपीए 40 ते 70, आणि 1842 पासून बनणारी पिल्सनर उर्केल, जिला आपण साधी लागर समजतो, ती सुद्धा 40 च्या आसपास. आकड्यावरून घोटात किती कडू लागेल ते मात्र कळत नाही, कारण माल्टची गोडी किती उरलीय यावर सगळं फिरतं. मेनूवर आयबीयू लिहिलेला असला तर मी बघतो, पण ऑर्डर त्यावरून करत नाही.

मला खरा नाद आहे तो वासाचा. हॉप्सच्या तेलात मायर्सीन असतं, ते आंब्यातही असतं. लिनालूल असतं, आपल्या धन्यांच्या वासात सगळ्यात मोठा वाटा त्याचाच. कॅरियोफिलीन असतं, ते मिरी आणि लवंगेत. जिरॅनिऑल गुलाबात. आणि सिट्रा, मोझॅक, नेल्सन सॉविन असल्या हॉप्समधे गंधकवाले थायॉल असतात, अगदी कणभर पण नाकाला लगेच जाणवणारे, पिकलेल्या पेरूच्या वासात जे असतात त्यातलेच काही. म्हणजे बिअरमधे पेरू किंवा आंबा जाणवला तर तो मनाचा खेळ नसतो, ती द्रव्यं खरोखर तिथे असतात. आणि मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे वास लहानपणापासून पाठ असतात, परदेशी लेबलवर ग्रेपफ्रूट, पाइन, रेझिन असं छापलेलं बघून आपल्याला यातलं काही कळत नाही असं वाटून घ्यायची काहीच गरज नाही. ग्रेपफ्रूट कधी खाल्लं नसेल पण पपनस सोललंय ना? कॅस्केड हॉपचा वास तोच, सालीसकट. हा हॉप अमेरिकेत 1972 मधे आला आणि 1980 मधे तिथल्या सिएरा नेवाडा ब्रूअरीने त्याच्यावर आपली पेल एल उभी केली, आज जगभर जे काही होपी म्हणून चालतं त्याची एक मोठी वाट तिथून निघालीय.

नाक तयार करायचं असेल तर माझा सल्ला आहे, एखाद्या सकाळी तुर्भ्याच्या एपीएमसी फळ मार्केटला जा. मोसंबी, पपनस, पेरू, अननस, सीझनला हापूसच्या पेट्या, सगळं एका रांगेत हुंगायला मिळतं, आणि त्याच संध्याकाळी एखादी ताजी हेझी उघडा, मग बघा कसे एकेक वास वेगळे होऊन समोर येतात. मला हे करून जेवढं शिकायला मिळालं तेवढं कुठलं चार्ट बघून नाही मिळालं.

आता तारखेचा मुद्दा. मी एप्रिलच्या शेवटी एकाच बॅचचे पेल एलचे कॅन आणले, थोडे फ्रीजमधे ठेवले आणि एक स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात, जिथे मे महिन्यात दुपारी भट्टी असते. महिन्याने कपाटातला कॅन आधी गार करून घेतला, मग दोन्ही एकसारख्या ग्लासात ओतून शेजारी शेजारी ठेवले. फ्रीजवाली उघडताच मोसंबीच्या सालीचा वास, घोट कोरडा, शेवट स्वच्छ. कपाटातलीचा रंग थोडा गडद वाटत होता, वास असा काही नाही, थोडा मध, थोडं टॉफी, आणि कडवटपणा जिभेच्या मागे जाऊन बसलेला. बायकोला कुठली कुठली ते सांगितलं नव्हतं, तिने दोन्ही हुंगून विचारलं, "ही दुसरी कंपनी आहे का?" तारीख तीच, बॅच तीच, फरक फक्त उष्णतेचा. आता विचार करा, टेम्पोत उन्हात उभा असलेला माल, गोडाऊन, एसी नसलेलं दुकान, यातून कॅन आपल्या हातात येतो. म्हणून मी आता दुकान निवडताना सुद्धा बघतो की क्राफ्ट बिअर कायम फ्रीजमधे ठेवतात का गिऱ्हाईक आल्यावर गार करून देतात.

उजेडाचा त्रास वेगळाच. हिरव्या नाहीतर पारदर्शक बाटलीतल्या बिअरवर ऊन पडलं की हॉप्सचं कडू द्रव्य फुटतं, बिअरमधल्या बी-टू व्हिटॅमिनच्या मदतीने, आणि एक गंधकी वास तयार होतो जो नाकात बसला की विसरत नाही. तपकिरी काच बऱ्यापैकी वाचवते, कॅन पूर्णच वाचवतो. एका दुकानात दाराजवळच्या उघड्या रॅकवरची हिरवी बाटली घेतली होती, पहिल्या घोटालाच कळलं. तेव्हापासून होपी बिअर शक्यतो कॅनमधलीच.

नेरूळला माझा एक मित्र राहतो, त्याच्याकडे आम्ही अधूनमधून ब्लाइंड टेस्टिंग करतो, मी ठाण्याहून ट्रान्सहार्बरने जातो आणि तशीच लोकल पकडून परत येतो, गाडी नेत नाही. ग्लासांना खाली नंबर चिकटवायचे, ओतणारा पीत नाही, सगळ्यांनी आधी फक्त हुंगून लिहायचं, बोलायचं नाही. मागच्या वेळी त्यात एक परदेशी आयपीए होती, नाव फार मोठं, किंमत त्याहून मोठी, तारखेप्रमाणे बरीच जुनी. एक पिल्सनर, एक गोव्याची आयपीए, आणि एका ब्रूपबमधून, म्हणजे जागेवरच बिअर बनवणाऱ्या पबमधून, त्याच दिवशी भरून आणलेली पेल एल. वहिनी एरवी बिअर फारशी पीत नाहीत, पण नाक त्यांचं आमच्या सगळ्यांपेक्षा तिखट, तिसरा ग्लास उचलला आणि न बोलायचा नियम मोडून म्हणाल्या, "भाऊजी, हा पेरू आहे हो, तो आतून गुलाबी असलेला." ती पेल एल होती. परदेशीला सगळ्यांनी शेवटचा नंबर दिला आणि नाव उघड झाल्यावर मित्र दोन मिनिटं गप्पच होता. त्या बिअरमधे मुळात काही खोट नव्हती, बनली त्या आठवड्यात ती जबरदस्तच असणार, तिला फक्त फार वेळ लागला आपल्यापर्यंत यायला.

गोव्याची म्हणजे गोवा ब्रूइंगची एट फिंगर एडी, हणजुण्याच्या त्या प्रसिद्ध हिप्पीच्या नावाची. ती दुसरी आली.

यावर कोणी म्हणेल की आयपीए तर प्रवासासाठीच बनली होती. अर्धं खरं आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या बो भागातला जॉर्ज हॉजसन ज्या पेल एल पाठवायचा त्या आफ्रिकेला वळसा घालून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला यायच्या, चार ते सहा महिन्यांचा प्रवास, हॉप्स जास्त घालायचे कारण हॉप्समुळे बिअर आंबट करणारे जंतू वाढत नाहीत. पण हॉजसनने खास भारतासाठी नवीन बिअर शोधून काढली ही गोष्ट नंतर रंगवलेली आहे, तशी पेल एल इंग्लंडमधे आधीपासून होती, आणि गोऱ्या शिपायांसाठी पोर्टर ही काळपट बिअरही याच जहाजांतून यायची. 1820 च्या दशकात इंग्लंडमधल्याच बर्टन गावच्या ऑलसॉप आणि बास या ब्रूअरींनी हा धंदा हातात घेतला, तिथल्या पाण्यात जिप्सम जास्त, त्याने कडवटपणा टोकदार आणि कोरडा लागतो. तेव्हाच्या त्या बिअर पिंपात मुरून चांगल्या व्हायच्या असं म्हणायचे, आजच्या आयपीएचा सगळा जीव ड्राय हॉपच्या वासात आहे आणि तो वास मुरत नाही, नुसता जातो. दोन्हीला नाव एकच असल्याने घोटाळा होतो.

पाण्याचं निघालंच तर, मोरबे धरणाचं असो की भातसाचं, आपलं पाणी पावसाचं, साठवलेलं, क्षार कमी असलेलं. ब्रूअरला हे सोयीचं, हवे ते क्षार त्याला मोजून घालता येतात. जिप्सम जास्त घातलं की वेस्ट कोस्ट, म्हणजे पारदर्शक, कोरडी, पपनस आणि देवदाराच्या चिकाची. कॅल्शियम क्लोराइड जास्त, सोबत ओट्स आणि गहू, उकळीत हॉप्स कमी आणि ड्राय हॉप भरमसाठ, की हेझी, गढूळ, मऊ, आंब्याअननसाची. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या द अल्केमिस्ट ब्रूअरीने हेडी टॉपर या बिअरमधून ही तऱ्हा गाजवली. माझा कल वेस्ट कोस्टकडे आहे, आपल्या दमट हवेत दोन घोटांनंतर तोंड कोरडं करणारी बिअर मला जास्त बरी वाटते, हेझी अर्ध्या ग्लासानंतर जड होते. नवीन माणसाला मात्र मी हेझीच देतो, एकदा तो वास आवडला की कडूची भीती आपोआप जाते. आणि पाडव्याला कडुनिंब चावणाऱ्या, कारल्याची भाजी मागून घेणाऱ्या माणसांना कडू झेपत नाही हे मला कधी पटलेलं नाही.

हॉप्स मात्र जवळजवळ सगळे बाहेरचे. या वेलीला उन्हाळ्यात लांबलचक दिवस आणि हिवाळ्यात कडक थंडी लागते, भारतात ती हिमाचलच्या लाहौलमधे होते, आपल्या इथे नाही. अमेरिका, जर्मनी, न्यूझीलंडहून दाबलेल्या गोळ्या हवाबंद पाकिटातून येतात आणि बंद पाकीट थंडीत ठेवलं तर चांगले टिकतात. म्हणून हॉप्स लांबचे आणि बिअर जवळची हे गणित जमतं, उलटं जमत नाही.

पिताना दोनच गोष्टी सांभाळतो. बर्फासारखी गार नको, फ्रीजमधून काढून दहाएक मिनिटं ठेवायची, फार गार असेल तर तेलं वासाला उठतच नाहीत, आणि फ्रीझरमधला पांढरा झालेला मग तर नकोच. आणि ग्लासातच ओतायची, पोट मोठं आणि तोंड जरा अरुंद असलेला ग्लास मिळाला तर उत्तम, भांड्याच्या साबणाचा वास नसलेला. चखण्यात मसाला शेंगदाणे, ठेचा, शेजवान काहीतरी असेल तर वेस्ट कोस्ट बाजूला ठेवा, कडवटपणाने तिखट आणखी भडकतं, तिथे हेझी घ्या. वेस्ट कोस्टला तळलेलं पाहिजे, रव्यातले बोंबील, कोळंबी, नाहीतर नुसती खारी चकली. दिवाळे कोळीवाड्यातून आणलेले ओले बोंबील, दाबून पाणी काढलेले, वहिनींनी तव्यावर कुरकुरीत केलेले, आणि त्याच्यासोबत ती त्याच दिवशी भरलेली पेल एल, त्या टेस्टिंगच्या संध्याकाळी मोठ्या नावाची बाटली अर्धी तशीच राहिली.

ब्रूपबमधून ग्रोलर, म्हणजे पुन्हा भरता येणारी मोठी बाटली, भरून आणत असाल तर घरी येईपर्यंत थंड पिशवीत ठेवा आणि दोन दिवसांत संपवा, उघडल्यावर तर त्याच दिवशी. आणि भरणाऱ्याला विचारा ही बॅच कधी टॅप केली, चांगला ब्रूअर असेल तर तो खुशीने सांगतो, वर कुठला हॉप आहे तेही सांगतो.