सकाळी निघून अंधाराच्या आत घरी: ॲडव्हेंचर बाइक आणि आडवाटा

ॲडव्हेंचर बाइक, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांवर चालणारी मोटरसायकल, घेतली की भेटेल तो एकच विचारतो, "मग, मोठी ट्रिप कधी?" बाजूला पेट्या, मागे तंबू, तीन आठवडे रस्त्यावर, असं काहीतरी त्यांच्या डोळ्यांसमोर असतं. माझ्या हातात रविवार असतो. त्यामुळे या गाडीचा मी वेगळाच उपयोग करते. सकाळी निघायचं, हायवे लवकरात लवकर सोडायचा, आडवाटांनी हिंडायचं आणि अंधार पडायच्या आत घर गाठायचं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण लांबच्या प्रवासात नसलेली एक अडचण यात आहे. तिथे आज नाही पोचलं तर उद्या पोचता येतं. इथे सोमवारी कामावर हजर व्हायचं असतं. म्हणून माझी सगळी तयारी गाडीपेक्षा घड्याळाभोवती जास्त फिरते.

गाडीबद्दल थोडक्यात. या प्रकाराची सुरुवात साधारणपणे १९८० च्या बीएमडब्ल्यू आर ८० जी/एसपासून धरतात. त्या नावातल्या 'जी/एस'मध्येच कच्ची जमीन आणि रस्ता, दोन्ही आहेत. दुसऱ्याच वर्षी, १९८१ मध्ये, ह्यूबेर ओरिओल या रायडरने त्याच मॉडेलवर सहारा वाळवंटातून जाणारी पॅरिस-डाकार रॅली जिंकली आणि मोठ्या इंजिनाच्या गाड्या वाळूत नेण्याचं वेड लागलं ते लागलंच. दिवसाच्या फेरीला मात्र एवढी मोठी गाडी लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. माझी मध्यम आकाराची आहे, भरल्या टाकीसकट दोनशे किलोच्या आसपास. पुढचं चाक २१ इंची, म्हणजे दगडावर आपटण्याऐवजी चढून जाणारं. सीट उंच, आणि माझी उंची बेताची. दोन्ही टाचा जमिनीला टेकत नाहीत, तेव्हा थांबताना आधी पायाखालची जमीन बघून, बूड एका बाजूला सरकवून एकच पाय भक्कम टेकवायची सवय लावून घेतली. याला आठवडाभर लागेल असं वाटलं होतं, लागला पूर्ण मोसम.

खरं काम आदल्या रात्री नकाशावर होतं. मी ओपनस्ट्रीटमॅप वापरते. २००४ मध्ये सुरू झालेला, लोकांनीच मिळून भरत आणलेला हा नकाशा आडवाटांच्या बाबतीत फार उदार आहे. कच्च्या वाटांना त्यात एक ते पाच अशी प्रत दिलेली असते. एक म्हणजे पक्का किंवा चांगला दाबून बसवलेला रस्ता, पाच म्हणजे नुसती माती आणि गवत. अर्थात, ही प्रत भरणारा माणूस तिथून भर पावसाळ्यात गेला होता की कडक उन्हाळ्यात, हे नकाशा सांगत नाही. म्हणून मी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बघते. वाट त्या रेषांच्या कडेकडेने जात असेल तर डोळे मिटून घ्यावी. दाट रेषांना काटकोनात छेदत असेल तर तिथे उभा चढ आहे आणि पावसाने त्याची घळ झालेली असण्याची शक्यता दांडगी. निळी रेघ वाटेला आडवी जाते आणि पुलाची खूण नाही, तिथे पाण्यातून जायचं आहे असं धरून चालायचं. मग उपग्रहाच्या चित्रावर तीच वाट पडताळायची. झाडीत शिरली की ती दिसेनाशी होते, पण झाडीच्या दोन्ही टोकांना दिसली तरी बऱ्यापैकी भरवसा येतो. हे सगळं फोनमध्ये आधीच उतरवून ठेवते. जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, नकाशाला लागतं, आणि रेंज नेमकी फाट्यावरच जाते.

आता हिशोब. कच्च्या वाटेवर मी ताशी पंचवीस किलोमीटर धरते. ऐकणाऱ्याला हसू येतं. चालती गाडी चाळिशीने जातेही, पण पाणी पिणं, चुकलेला फाटा, वाटेत बसलेली गुरं, फाटक उघडून पुन्हा लावणं, हे सगळं धरलं की पंचवीसच भरतात. म्हणजे ऐंशी किलोमीटर कच्चा रस्ता ठरवला तर तीन तासांहून जास्त वेळ त्यातच गेला. दिवसभरात याहून जास्त मी घेत नाही, उरलेलं डांबरी.

वाट गोलाकार आखते, आल्या रस्त्याने परत नाही. गोलाकार वाटेवर एक जागा अशी येते की तिथून पुढे मागे फिरण्यापेक्षा पुढे जाणं जवळचं पडतं. ती जागा नकाशावर शोधून तिच्यापुढे मी वेळ लिहून ठेवते, बहुतेक वेळा दुपारी एक. एक वाजेपर्यंत तिथे पोचले नाही, तर पुढची वाट कितीही सुरेख दिसो, जवळचा डांबरी रस्ता धरायचा. त्यासाठी कच्ची वाट जिथे जिथे डांबरीला भेटते त्या सगळ्या जागांवर आधीच खुणा केलेल्या असतात. अवघड टप्पा नेहमी पहिल्या निम्म्यात ठेवते, हात ताजे असताना. दुपारी चारला चिखलात शिरायची हिंमत माणूस करतो ती थकल्यामुळे, लवकर संपावं म्हणून.

उन्हाचाही विचार करते. सकाळी पश्चिमेकडे निघालं की ऊन पाठीवर, संध्याकाळी पूर्वेकडे परतलं तरी पाठीवरच. अगदी पाठीमागून आलेल्या उन्हात खड्ड्यांच्या सावल्या पडलेल्या दिसत नाहीत, एवढा त्यात तोटा. तरीही पुढच्या गाडीच्या फुफाट्यात समोरून डोळ्यांत घुसणारं ऊन परवडत नाही.

डांबर संपतं तिथे मी थांबते. व्हॉल्व्हची टोपी काढून किल्लीच्या टोकाने आतली पिन दाबायची, हवा फुसफुसत बाहेर येते, मधेमधे गेज लावून बघायचं. रस्त्यावरच्या आकड्यापेक्षा पाच-सहा पीएसआय कमी करते. टायर थोडा पसरतो, जमिनीला जास्त धरतो, आणि बारीक खडीचा खडखडाट हँडलमधून मनगटात येतो तो निम्मा होतो. मोह होतो अजून सोडायचा. पण माझ्या चाकांना तारा आहेत, आत ट्यूब आहे. हवा फार कमी असली की दगडाच्या धारेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. ट्यूबवाल्या चाकाचं पंक्चर म्हणजे चाक उतरवणं आलं, तासाभराची निश्चिंती. परत डांबरीवर आलं की बॅटरीवर चालणारा छोटा पंप लावून हवा भरून घ्यायची. कमी हवेने वेगात पळवलं तर टायर तापतो, आणि वळणावर गाडी डुलते ती वेगळीच.

मग उभं राहून चालवणं. उभं राहिलं की गुरुत्वमध्य खाली जातो, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही, आपलं शरीर तर वर गेलेलं असतं. फरक पडतो तो गाडी आपल्याखाली मोकळी होते म्हणून. खड्ड्यात पुढचं चाक उसळलं तर गुडघे ते पिऊन टाकतात, आपण सीटवरून फेकले जात नाही. गुडघ्यांनी टाकी हलकेच धरायची, हँडलवर बोटं सैल, आणि नजर चाकापुढे न ठेवता दूर. ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोरीत चाक गेलं की तिच्या कडेकडे बघायचं नाही. जिकडे बघतो तिकडे हँडल जातं, आणि कडेवर चढताना गाडी आडवी होते.

ब्रेकबद्दल एकच गोष्ट. सैल खडीवर मागचं एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, मी बंद करते, पुढचं चालू ठेवते. लॉक झालेलं चाक आपल्यापुढे खडीचा छोटा ढीग जमवतं आणि त्यानेच थांबायला मदत होते. एबीएस तो ढीग होऊच देत नाही, गाडी उतारावर आरामात पुढे जात राहते. किल्ली बंद-चालू केली की बहुतेक गाड्यांत एबीएस आपोआप परत सुरू होतं, म्हणून प्रत्येक थांब्यानंतर दिवा बघायचा.

पाण्याला मात्र माझ्याकडे घाई नसते. एकदा एका ओढ्याशी पोचले, रुंदी जेमतेम खोलीएवढी, पाणी गढूळ. गाडी स्टँडला लावली, खाली मऊ माती म्हणून स्टँडखाली चपटा दगड सरकवला, आणि बूट घालूनच पाण्यात उतरले. काठीने पुढे चाचपत गेले. मधोमध पाणी पोटरीच्या वरपर्यंत आलं, तळाला शेवाळलेले गोटे, पण जरा वरच्या अंगाला वाळूची पट्टी होती आणि तिथे पाणी चाकाच्या अॅक्सलच्या खालीच राहत होतं. परत आले, त्या पट्टीच्या सरळ रेषेत पलीकडचं एक झाड धरलं. पहिला गिअर, क्लचला हात न लावता एकसारखा थ्रॉटल, नजर झाडावर. मागचं चाक दोनदा सरकलं, पण गाडी गेली. इंजिन पाण्यात बंद पडलं असतं तर स्टार्टर दाबायचा नाही, हे आधीच पक्कं केलं होतं. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. ढकलत बाहेर काढायची, स्पार्क प्लग काढून बघायचं, मगच पुढचं. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर चालले, डिस्क कोरड्या होईपर्यंत.

पडलेली गाडी उचलायचा सराव मी मोकळ्या मैदानात, गवतावर केला. उजव्या अंगाला पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, गिअरमध्ये टाकायची, गाडीकडे पाठ करून सीटला बूड टेकवायचं, हँडल आणि मागचा दांडा धरून पायांनी मागे चालत उठवायची. कंबर वापरली तर दुसऱ्या दिवशी समजतं. एकटीने उचलता येत नसेल तर एकटीने आडवाटेला जाऊ नये, एवढा नियम मी पाळते. घरी कोणाला तरी वाटेची फाइल आणि परतायची वेळ पाठवलेली असते.

बाकी किरकोळ: घोट्यांना आधार देणारे बूट, गुडघ्यांना गार्ड, पाठीवरच्या पिशवीत दोन-तीन लिटर पाणी. पेट्रोल निम्मं झालं की पंप शोधायला लागते, कारण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी किती पिते ते नेहमीच्या ॲव्हरेजवरून कळत नाही.

परतल्यावर गाडी तापलेली असतानाच चेन पुसून तेल देते, गरम चेनमध्ये ते चांगलं मुरतं. मग चाक फिरवत एकेका तारेवर पान्याने टिचकी मारते. घट्ट तार खणखणते, सैल झालेली थप्प वाजते, ती लगेच कळते. शेवटी फोनवरची वाट उघडून नकाशात दुरुस्त्या टाकते: इथे आता कुलूपबंद फाटक आहे, इथली वाट वाहून गेली आहे, ही तीन प्रतीची नव्हे, पाचचीच.