तुम्ही विचारलंत म्हणून: अवकाशातल्या फोटोंचे रंग खरे असतात का?

हिवाळ्यात अमावास्येच्या आसपास वांगणीला आकाशदर्शन असलं की दुर्बिणीपाशी उभं राहायचं काम माझ्याकडे असतं. रात्री दहापर्यंत मृग नक्षत्र चांगलं वर येतं. त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण सगळ्यांना ओळखू येतो. त्याच्या जरा खाली दुर्बीण रोखली की मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा अवाढव्य ढग, दिसतो. गेल्या जानेवारीत रांगेतल्या एका आजींनी नेत्रिकेला डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर काचेवर वाफ धरल्यासारखं दिसतंय. नातवाने मोबाइलवर दाखवलं ते गुलाबी-जांभळं होतं. ते रंग खोटे का गं मग?"

हा प्रश्न दर वेळी कोणीतरी विचारतंच. मागे रांग असते, दोन वाक्यांत काहीतरी सांगावं लागतं आणि घरी येताना रुखरुख लागते. म्हणून आज नीट सांगते.

आधी डोळ्याचं. अंधारात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ गप्प बसतात, नुसता उजेड टिपणाऱ्या पेशी तेवढ्या जाग्या असतात. चांदण्यात लाल लुगडंही काळपट दिसतं ते त्यामुळेच. शिवाय डोळ्याला प्रकाश साठवून ठेवता येत नाही, कॅमेऱ्याला येतो. तेजोमेघातला हायड्रोजन लाल प्रकाश देतोच आहे, तो आपल्यापर्यंत येतोही आहे. आपल्यालाच तो दिसत नाही.

आता कॅमेरा. यानावरचा कॅमेरा रंग पाठवत नाही, आकडे पाठवतो. जुलै १९६५ मध्ये नासाचं मरिनर ४ यान मंगळाजवळून गेलं आणि त्याने बावीस चित्रं घेतली. एकेका चित्रात २०० गुणिले २०० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला उजेडाच्या ६४ पायऱ्यांपैकी एक आकडा. एक चित्र पृथ्वीवर यायला सुमारे आठ तास लागायचे. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत रिचर्ड ग्रम नावाचे अभियंते होते. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना संगणकाने चित्र तयार करेपर्यंत दम धरवेना. त्यांनी आकडे कागदाच्या पट्ट्यांवर छापून घेतले, पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या, रंगीत खडू आणले आणि आकडा बघून हाताने रंग भरला. पिवळा, तांबडा, तपकिरी. मंगळाचं जवळून घेतलेलं पहिलं चित्र माणसांनी पाहिलं ते असं, खडूने रंगवलेलं. ते आजही जपून ठेवलेलं आहे. त्याला कोणी खोटं म्हणेल का? रंग खडूचे होते, पण कुठे उजेड आणि कुठे सावली हे मंगळानेच सांगितलं होतं.

चूक होऊ शकते, तीही सांगायला हवी. २० जुलै १९७६ ला नासाचं व्हायकिंग १ यान मंगळावर उतरलं. दुसऱ्या दिवशी पहिलं रंगीत चित्र आलं, त्यात आकाश आपल्यासारखं निळं होतं. लाल, हिरवा आणि निळा अशा गाळण्यांतून (फिल्टरमधून) घेतलेले आकडे घाईत जुळवले होते, आणि आकाश म्हटलं की निळंच हे आपल्या मनात इतकं पक्कं असतं की त्यात वावगं पटकन वाटलं नाही. असा घोटाळा झाला तर कळावा म्हणून यानावर आधीपासून ठाऊक असलेल्या रंगांचे ठिपके लावलेले होते. त्यांच्याशी ताडून पाहिल्यावर आकाश फिकं गुलाबी-बदामी निघालं. हवेतल्या बारीक धुळीचा तो रंग. आणि त्याच धुळीमुळे तिथे सूर्य मावळताना त्याच्याभोवती निळसर प्रकाश पसरतो, मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी गाडीने एप्रिल २०१५ मध्ये तो टिपला. दिवसा लालसर आकाश आणि संध्याकाळी निळं! हे चित्र पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

सगळ्यात जास्त शंका घेतली जाते ती हबल या अवकाशातल्या दुर्बिणीने घेतलेल्या गरुड तेजोमेघाच्या चित्रावर, धुळीचे ते तीन उंच खांब. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन या खगोलशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये ते केलं. हायड्रोजनचा लाल प्रकाश ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा, गंधकाचा ६७३ चा. दोन्ही लालच, डोळ्याला फरक कळणार नाही. ऑक्सिजनचा ५०१ च्या आसपास, हिरवट-निळा. जसंच्या तसं दाखवलं तर गंधक कुठे आणि हायड्रोजन कुठे ते समजणारच नाही. म्हणून त्यांनी गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला. तरंगलांबीचा क्रम बदलला नाही, फक्त रंगांमधलं अंतर वाढवलं. गाणारा पट्टी बदलतो तेव्हा राग बदलत नाही, तसंच हे. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीची चित्रं तर डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातली, म्हणजे आपल्या सप्तकाच्या खालचीच. ती वर आणल्याशिवाय आपल्याला ऐकू कशी येणार?

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. चंद्रयान-३ उतरलं त्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर चंद्राची एकाहून एक झगझगीत चित्रं फिरत होती, त्यातली बरीचशी कोणीतरी संगणकावर बनवलेली. ३० ऑगस्टला प्रज्ञान गाडीने काढलेला विक्रम यानाचा कृष्णधवल फोटो आला, तो मात्र कोणी पुढे पाठवला नाही. मातीत रोवलेलं तापमान मोजायचं उपकरण त्यात स्पष्ट दिसतं. मी तो छापून टेबलासमोर लावलाय. चित्राखाली दोन ओळी असाव्यात, कोणत्या कॅमेऱ्याने, कोणत्या गाळणीतून. त्या ओळी कापून चित्र पुढे पाठवू नका, एवढं माझं मागणं आहे.

त्या रात्री आजींना मी यातलं थोडंसंच सांगू शकले. त्या ऐकून बाजूला झाल्या, पुढे त्यांचा नातू आला, असेल दहा-अकराचा. त्याने डोळा लावला आणि हललाच नाही.

"ताई, मला किंचित हिरवट दिसतंय. मध्ये."

मोठ्या आरशाच्या दुर्बिणीतून काही जणांना तसं दिसतं. अंधाराला सरावलेला डोळा नेमका त्याच रंगाला सगळ्यात तिखट असतो.

"तो ऑक्सिजन आहे," मी म्हटलं.

आजी पुन्हा रांगेत येऊन उभ्या राहिल्या.