अर्ध्या मिलिमीटरचा हट्ट

मोठ्या कंपन्यांत आता नवं काही घडतच नाही, ही तक्रार मला पटत नाही. घडतं, पण सगळी हुशारी भलत्याच जागी खर्ची पडते. ॲपलचा बटरफ्लाय कीबोर्ड घ्या. २०१५च्या १२ इंची मॅकबुक लॅपटॉपमध्ये बटणाखालची कात्रीसारखी यंत्रणा जाऊन फुलपाखराच्या पंखांसारखी बिजागरी आली. बटण डगमगेनासं झालं, जाडी घटली. कल्पना खरंच सुरेख होती! पण २०१६च्या मॅकबुक प्रोमध्ये बटण जेमतेम अर्धा मिलिमीटर दबायचं. एवढ्याशा फटीत धुळीचा कण शिरला की बटण अडकणार, नाहीतर एका दाबात अक्षर दोनदा उमटणार.

आणि कीबोर्ड बदलायचा तर? तो वरच्या ॲल्युमिनियमच्या भागाला रिव्हेटने ठोकलेला, बॅटरीही तिथेच चिकटवलेली. म्हणजे अख्खा भाग बॅटरीसकट बदला. २०१८मध्ये बटणांखाली सिलिकॉनचा पडदा आला, मोफत दुरुस्तीची योजनाही आली, तरी तक्रारी थांबल्या नाहीत. २०१९च्या १६ इंची मॉडेलमध्ये कात्री परतली, बटण १ मिलिमीटर दबू लागलं.

चाचणीत यंत्राने लाखो वेळा बटण दाबून झीज कळते, धुळीचं काय होणार ते कळत नाही. नमुन्यावर बारीक धूळ, चुरा टाकून महिनाभर टंकून बघायला हवं. आणि जो भाग झिजणार हे आधीच माहीत आहे, तो स्क्रूनेच बसवा, मग भले जाडी थोडी वाढो.