तुम्ही विचारलंत म्हणून: आपलं माणूस परदेशात अचानक गेलं, तर आधी काय करायचं?

‘भाऊ परदेशात होता. आत्ता फोन आला, तो गेला. आता आम्ही करायचं काय?’ नातं बदलतं, प्रश्न हाच असतो. अशा मृत्यूनंतरची कागदपत्रं आणि पार्थिवाचा प्रवास हे आमचं रोजचं काम, म्हणून तो आमच्याकडे येतो.

पहिल्या दिवशी ठरवावंच लागतं असं फार थोडं असतं. पार्थिव शवागारात साधारण २ ते ४ अंश सेल्सियसला ठेवलेलं असतं, तिथे काही दिवस गेले तरी चालतं. त्यामुळे अंत्यसेवा देणारी कंपनी फोनवर ‘आत्ताच होकार द्या’ म्हणाली, तरी देऊ नका. आधी विचारा: मृत्यूची नोंद कोणी केली, शवविच्छेदन होणार आहे का, आणि प्रवासाचा किंवा नोकरीच्या ठिकाणचा विमा होता का. विमा असेल तर पहिला फोन त्यांच्या मदत क्रमांकावर. पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च बऱ्याच पॉलिसींमध्ये असतो, पण त्यांना न विचारता परस्पर केलेला खर्च पुष्कळदा नाकारला जातो.

वकिलातीलाही स्वतःहून कळवा. परदेशी नागरिकाचा मृत्यू झाला तर त्याच्या देशाच्या वाणिज्य दूतावासाला विनाविलंब कळवावं, असं १९६३च्या व्हिएन्ना कराराचं ३७वं कलम सांगतं. तरी त्या निरोपाच्या भरवशावर बसू नका. पासपोर्टची प्रत, रुग्णालयाचं किंवा पोलीस ठाण्याचं नाव आणि घरातल्या एकाच माणसाचा फोन नंबर ईमेलने पाठवा. एकाच माणसाचा, हे मुद्दाम सांगतो. चार नातेवाईक चार ठिकाणी फोन करतात, मग एक म्हणतो इथेच दहन करा, दुसरा म्हणतो घरी पाठवा, आणि तिथलं काम थांबतं.

अचानक मृत्यूत चौकशी होतेच. त्याचा अर्थ घातपात असा नाही, कारण माहीत नाही एवढाच. इथे क्रम चुकवून चालत नाही: आधी शवविच्छेदन, मग पार्थिव सोडण्याची परवानगी, मग एम्बामिंग. एम्बामिंगमध्ये पार्थिव टिकावं म्हणून रक्त काढून फॉर्मालिनयुक्त द्रव भरतात. ते आधी झालं तर विषबाधा किंवा औषधांची तपासणी नीट होऊ शकत नाही. प्रयोगशाळेचे अहवाल यायला कित्येक आठवडे लागतात, पण पार्थिव सहसा त्याआधीच मिळतं. अशा वेळी दाखल्यावर कारणापुढे ‘तपास सुरू’ असं असतं, आणि विम्याचा दावा अंतिम दाखल्यापर्यंत अडकतो. शक्य झालं तर दाखल्याच्या आठ-दहा प्रमाणित प्रती तिथूनच घ्या. नंतर इतक्या लांबून मागवताना जीव मेटाकुटीला येतो.

सगळ्यात जास्त खोळंबा नावामुळे होतो. पासपोर्टवर एक स्पेलिंग, रुग्णालयात दुसरं, मधलं नाव कुठेतरी गळलेलं. मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचा दाखला, पेटी बंद केल्याचा दाखला, वकिलातीचं नाहरकत पत्र आणि विमानाची मालपावती, या सगळ्यांवर नाव आणि पासपोर्ट क्रमांक अक्षरशः सारखा हवा. दाखला छापण्याआधी मसुदा मोबाईलवर मागवा आणि एकेक अक्षर पासपोर्टशी ताडून बघा.

पार्थिव आणायचं की तिथेच दहन करून अस्थी आणायच्या? आम्ही कोणतीही बाजू सुचवत नाही, पण दहन झालं की पुन्हा तपासणी करता येत नाही. मृत्यूबद्दल मनात जराही शंका असेल तर थांबा. अस्थी बऱ्याच विमान कंपन्या केबिनमध्ये नेऊ देतात, पण कलश धातूचा नको. क्ष-किरणांत आतलं दिसलं नाही तर सुरक्षारक्षक तो पुढे जाऊ देत नाहीत. दहनाचा दाखला हातात ठेवा. पार्थिव मात्र मालवाहतुकीतून येतं, बहुधा आतून जस्ताचा पत्रा असलेल्या, झाळून बंद केलेल्या पेटीत. त्याला आणायला म्हणून निघालेला माणूस आकाशात असतानाच पेटी उलट दिशेने रवाना झाली, असंही होतं. तारीख पक्की झाल्याशिवाय तिकीट काढू नका.

पेटी उघडता येईल का, हे आधीच विचारा. आणि उघडण्याआधी घरातल्या सगळ्यात खंबीर माणसाने एकट्याने बघावं. चेहरा सुजलेला असू शकतो, त्वचेचा रंग बदललेला असतो, शवविच्छेदनाची शिवण दिसते. काय दिसेल हे त्याने शब्दांत सांगावं, मग ज्याला बघायचंय त्याला बघू द्यावं. कुणाला जबरदस्तीने दाखवू नये, अडवूही नये. लांबच्या मृत्यूवर मन विश्वास ठेवत नाही, आणि बऱ्याच जणांना तो बघितल्यावरच बसतो.

घरच्यांना बातमी देताना ‘तब्येत गंभीर आहे, निघून ये’ असं अर्धवट बोलू नका. तो प्रवास माणूस आशेवर करतो, आणि आपल्याला फसवलं हे कधी विसरत नाही. आधी विचारा, जवळ कोणी आहे का, मग स्पष्ट सांगा. लहान मुलांना ‘झोपलेत’ म्हणू नका, ती झोपायला घाबरू लागतात.

मृताचा मोबाईल नंबर लगेच बंद करू नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. फोन उघडायला पासवर्ड चाचपत बसू नका, चुकीचे प्रयत्न जास्त झाले की काही फोन सगळा मजकूर पुसून टाकतात. पोलिसांकडून आलेली कपड्यांची पिशवी आईच्या हातात पडण्याआधी कोणीतरी उघडून बघा.

ही सगळी धावपळ ज्याने केली, तो साधारण महिन्याभराने कोसळतो. तेव्हा बाकीचे आपापल्या कामाला लागलेले असतात. त्याच्याकडे लक्ष ठेवा. ‘मी तिथे असतो तर’ हे त्याला छळत असेल, तर उपचार केलेल्या डॉक्टरांना प्रश्न लिहून पाठवा: रुग्णवाहिका किती वाजता आली, शुद्ध होती का, वेदना झाल्या का. सोबतच्या मित्रांकडून शेवटचा दिवस ऐकून घ्या. सहा महिन्यांनंतरही दुःख तितकंच तीव्र असेल आणि रोजचे व्यवहार अडत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात, जे २०२२पासून लागू आहे, या अवस्थेची स्वतंत्र नोंद आहे आणि तिच्यावर उपचार आहेत.