पूर्वेला नामशेष, पश्चिमेला जिवंत

पर्यटकांचे ग्रुप घेऊन लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये मी नेहमी जाते. बहुतेकांना डायनोसॉर बघायचे असतात, नाहीतर हिंट्झ हॉलच्या छताला टांगलेला निळ्या देवमाशाचा २५ मीटर लांब सांगाडा. त्या दिवशी मात्र ग्रुपमधले एक निवृत्त बांधकाम कंत्राटदार काका सांगाड्याखालून सरळ भिंतीपाशी गेले. तळहात टेकवून म्हणाले, "ताई, हा दगड नाही. भाजलेली माती आहे, साच्यातली."

अगदी खरं. आर्किटेक्ट आल्फ्रेड वॉटरहाउस यांनी ही इमारत आतून-बाहेरून टेराकोटाने मढवली. तेव्हाच्या लंडनमध्ये कोळशाच्या काजळीने दगड काळे पडत. टेराकोटा धुऊन काढता येतो. कमानींवर चढणारी माकडं काका मान वर करून कितीतरी वेळ बघत होते. भट्टीत एवढं नाजूक काम तडकलं कसं नाही, हाच त्यांचा प्रश्न.

मग मीही रंगात आले. याच जागी १८६२च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाची फ्रान्सिस फोक यांनी बांधलेली इमारत होती. ती पाडली आणि म्युझियमच्या आराखड्याची स्पर्धा फोक यांनीच जिंकली! पण १८६५मध्ये ते वारले, काम वॉटरहाउसकडे आलं आणि त्यांनी आराखड्याचं रूपच पालटलं. "दुसऱ्याचं काम मधूनच हातात घ्यायचं म्हणजे छाती लागते," काका म्हणाले. हे त्यांच्याइतकं कोण जाणणार?

सगळ्यात गुंतले ते सगळे ओवेनच्या गोष्टीत. हे म्युझियम उभं राहावं म्हणून झटलेले रिचर्ड ओवेन डार्विनच्या सिद्धांताचे, म्हणजे आजचे प्राणी जुन्या प्राण्यांपासूनच हळूहळू घडत आले या मताचे, कडवे विरोधक. त्यांच्या सांगण्यावरून पूर्वेच्या बाजूला नामशेष प्राणी कोरले गेले, पश्चिमेला आजचे. दोघांची सरमिसळ नको. म्युझियम १८८१मध्ये उघडलं. चारच वर्षांनी मुख्य जिन्यावर डार्विनचा पुतळा बसला, ओवेन हयात असतानाच! १९२७मध्ये त्या जागी ओवेनचा आला आणि २००९मध्ये पुन्हा डार्विन.

"म्हणजे भिंती ओवेनच्या आणि जिना डार्विनचा," एक काकू म्हणाल्या.

आता मी प्रत्येक ग्रुपला आधी बाहेर क्रॉमवेल रोडवर उभं करते आणि दोन्ही बाजूंचे प्राणी ओळखायला लावते. डायनोसॉरसाठी वेळ थोडा कमी उरतो, पण मला ते पटतं.