रात्री पास, दुपारी नापास

ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जोरात पळवण्याचे, व्हिडिओ करणारे लोक खोलीचं तापमान कधी सांगत नाहीत, हा माझा जुना राग आहे. "४.३ गिगाहर्ट्झ, १.३५ व्होल्ट, एकदम स्टेबल" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. बोलणाऱ्याच्या अंगात स्वेटर असतो, ते आपण बघतच नाही. आमच्या सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो आणि स्लॅबखालच्या खोलीत रात्री अकराला भिंतीला हात लावला तरी चटका जाणवतो. त्या आकड्याचं इथे काय करायचं?

माझ्या बहिणीचा मुलगा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. घर अशोक चौकाच्या पुढे. खाली टॉवेलचे माग, वर राहायची जागा, आणि जिन्यालगतच्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर. प्रोसेसर रायझन ५ ३६००, म्हणजे २०१९ चा, सहा कोअर (गणित करणारे सहा भाग), बारा थ्रेड. जुना झालाय, पण एडिटिंगला अजून हटत नाही. व्हिडिओतला तोच आकडा पठ्ठ्याने जसाच्या तसा बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, टाकलेला. हिवाळाभर चालला. एप्रिल लागला आणि मशीन मधूनच रीस्टार्ट व्हायला लागलं.

"मावशी, गिऱ्हाईक शेजारी बसलं की मरतंय बघ. रात्री एकटा असलो की काही होत नाही."

"गिऱ्हाईक येतं कधी?"

"दुपारीच की. जेवून निवांत येतात."

घरात सगळ्यांचं निदान झालेलं होतं: वीज. खाली मागांच्या मोटरी सुरू झाल्या की वरचे दिवे मिचकतात, हे त्या घरात जन्मापासून सगळे बघतात. त्यात भाच्याने इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडून 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद पाहिली आणि नवीन एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, आणायला नवी पेठ गाठायच्या तयारीत होता. मी थांबवलं. त्या नोंदीत फक्त एवढंच असतं की मागच्या वेळी विंडोज नीट बंद न होता गेलं. लाइट गेली, रीसेटचं बटण दाबलं, प्रोसेसर गोंधळला, काहीही झालं तरी ४१ येतोच. त्यावरून एसएमपीएसला फाशी देता येत नाही.

मी दिवसभर एका सुताच्या पेढीवर हिशेब लिहिते. ताळेबंद जुळत नसला की सगळी खाती एकदम उघडायची नसतात, एकेक बंद करत जायचं. इथेही तेच केलं. सुट्टीच्या दिवशी माग बंद असताना भर दुपारी एक्सपोर्ट, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवायला, लावला. मेलं. मग रात्रपाळीत खाली माग धडधडत असताना तोच एक्सपोर्ट लावला, तर शेवटपर्यंत निवांत गेला. विजेवरचा संशय तिथेच संपला. ताईला मात्र अजून पटलेलं नाही.

पुढचं काही करायच्या आधी गिऱ्हाइकांची सगळी लग्नं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतली. हे मी दटावून करून घेतलं. अस्थिर ओव्हरक्लॉक म्हणजे फक्त रीस्टार्ट नव्हे. प्रोसेसर गणित चुकवतो आणि न मरता पुढे जातो, तेव्हा फाइल बिघडून लिहिली जाते. त्याच्या एका एक्सपोर्टमध्ये सप्तपदीच्या मधोमध हिरवे चौकोन आले होते. तो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला शिव्या देत बसला होता.

मग बायोस पूर्ण मूळ सेटिंगला. दुपारच्या उन्हात एक्सपोर्टवर एक्सपोर्ट, काही नाही. त्यानंतर फक्त रॅमचं एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची तयार सेटिंग, चालू केलं, ३२०० वर, आणि रात्रभर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ लावून ठेवला. सकाळी एकही एरर नाही. ही पायरी लोक गाळतात. एक्सएमपी हेही ओव्हरक्लॉकच आहे, आणि रॅमचा दोष असला तरी लक्षणं तीच दिसतात. मग माणूस प्रोसेसरचे व्होल्ट वाढवत बसतो आणि हाताला काही लागत नाही.

आता प्रोसेसर परत ४.३ वर, आणि त्याला ताण द्यायला प्राइम९५. हा प्रोग्रॅम मुळात मर्सेन प्रकारच्या अतिप्रचंड मूळ संख्या शोधायला केलेला. १९९६ पासून जगभरची हौशी मंडळी त्यावर आपापली मशीनं झिजवतात. त्या गणितात कुठे एक चूक झाली तर सगळी मेहनत वाया, म्हणून चूक पकडायची सोय आतच आहे. ओव्हरक्लॉकवाल्यांनी ती उचलली. त्यातली 'स्मॉल एफएफटी' ही चाचणी लावली की प्रोसेसर सगळ्यात जास्त तापतो. आमच्याकडे दुपारी काही मिनिटांतच एक वर्कर (एका कोअरवर चालणारं गणित) थांबला: "राउंडिंग ०.५, अपेक्षा ०.४ हून कमी", म्हणजे गणित चुकलं. परत लावलं तर तोच वर्कर. मशीन रीस्टार्ट झालं तेव्हा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डब्ल्यूएचईए-लॉगर १८' ही हार्डवेअरच्या चुकीची नोंद, कॅश हायरार्की एरर, आणि खाली प्रोसेसरचा एपिक आयडी, म्हणजे चूक कुठल्या कोअरची ते सांगणारा क्रमांक. प्रत्येक नोंदीत तोच आकडा. सहांतला एकच कोअर कच्चा होता, बाकीचे पाच बिचारे त्याच्यामुळे बदनाम. खरी माहिती या नोंदीत असते. ४१ च्या आगेमागे ती शोधावी.

आता कॅबिनेट उघडलं. मागावर राहणाऱ्यांना सांगायला नको, आत काय होतं ते. कूलरच्या पात्यांमध्ये सुताची पांढरी लव इतकी घट्ट बसलेली की बोटाने धरून सोलून काढली. कूलर काढताना मात्र जपावं लागतं. एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो तो साचा) पिना प्रोसेसरला असतात, तब्बल १३३१, आणि कूलर-प्रोसेसरमधली उष्णता वाहणारी पेस्ट वाळलेली असली की कूलर ओढताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून वर येतो. आधी मशीन थोडं तापवायचं, बंद करायचं, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा. भाचा म्हणाला, "ओढ की गं जोरात." त्याला चहा आणायला पाठवलं.

लव काढली, पेस्ट नवी लावली. एचडब्ल्यूइन्फोत (तापमान आणि व्होल्ट दाखवणारा प्रोग्रॅम) त्याच लोडला ९१ अंशांचं ८३ झालं. रीस्टार्ट कमी झाले, पण थांबले नाहीत.

इथे सगळे व्होल्ट वाढवतात. मला ते करायचं नव्हतं. तापमान चढलं की आतल्या तारांचा रोध वाढतो आणि ट्रान्झिस्टरमधली गळतीही वाढते, म्हणजे तोच वेग टिकवायला जास्त व्होल्ट लागतात. आणि वीज व्होल्टच्या वर्गाप्रमाणे वाढते: १.२५ चे १.३५ केले तर त्याच वेगाला १६-१७ टक्के जास्त उष्णता. जानेवारीत या फेऱ्यातून सुटायला जागा असते. मे महिन्यात खोलीच ३८-३९ ला असते, मग कूलर हवेत सोडणार तरी काय?

एक गोष्ट मधेच सापडली. बायोसमध्ये १.३५ असले तरी भर लोडला एचडब्ल्यूइन्फो १.२९ दाखवत होतं. लोड आला की व्होल्ट बसतात, ते सावरायला लोड-लाइन कॅलिब्रेशन असतं. ते सगळ्यात कडक केलं तर लोड सुटताना व्होल्ट क्षणभर उसळतात, म्हणून मधली पातळी ठेवली. सावधान: काही मदरबोर्डांत लेव्हल १ सगळ्यात कडक, काहींत सगळ्यात सौम्य. बाजूचा छोटा आलेख बघितल्याशिवाय हात लावू नये.

मग वेग उतरवला, पण सगळ्यांचा सारखा नाही. ३६०० मध्ये तीन-तीन कोअरचे दोन गट असतात, आणि प्रत्येक गटाला वेगळा वेग देता येतो. त्याच्या बोर्डाच्या बायोसमध्ये ती सोय आहे, नसेल तर रायझन मास्टर या विंडोजमधल्या प्रोग्रॅममधून जमतं. चांगला गट ४.२, कच्च्या कोअरचा गट ४.१, १.२७५ व्होल्ट. रात्री सगळं पास. दुपारी अडीचला, खिडकीचा पडदा मुद्दाम उघडा ठेवून, परत तोच वर्कर थांबला. तेव्हा आणखी खाली आलो: ४.१ आणि ४.०, १.२२५ वर. हे दुपारीही टिकलं, खोलीतला पंखा बंद करूनसुद्धा. भाच्याची आयडिया होती की खोलीतला पाण्याचा कूलर थेट कॅबिनेटवर सोडावा. ओली हवा आणि सुताची लव एकत्र आली की आत काय लिंपलं जाईल, याची कल्पना करा. त्यापेक्षा पुढच्या पंख्यावर मच्छरदाणीची जाळी लावून दिली, ती तो ब्रशने झाडतो म्हणे.

बायोसमध्ये आता दोन प्रोफाइल सेव्ह आहेत. ४.२ वालं जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला लावायचं आणि होळीला उतरवायचं, असं ठरलंय. अर्ध्या तासाच्या एक्सपोर्टमध्ये दोघांत जेमतेम पाऊण मिनिटाचा फरक पडतो. भाच्याला तेवढ्यासाठीसुद्धा हिवाळ्याची वाट बघायची आहे, आणि मला त्याची हौस कळते.