टबातला गड्डा

यंदा आमचा गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, बुडाला. लेक दीड वर्षाची, नुकतीच खोकल्यातून उठलेली, आणि संक्रांतीच्या आसपास यात्रेच्या होम मैदानावर पाय ठेवायला जागा नसते. सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ने की. गड्डा कुठं पळून चाललाय?" पटलं. तरी रुखरुख होतीच. मग ठरवलं, आपण घरातच एका टबात गड्डा भरवायचा. हात घालून उकरायचं, ओतायचं, भरायचं, असा तो सेन्सरी खेळ बरेच दिवस डोक्यात होता. त्याला विषय मिळाला.

टब कपडे भिजवायचा, उथळ. खाली जुनी सोलापुरी चादर अंथरली. खेळ संपला की चार कोपरे उचलायचे, सगळं सांडलेलं मधे गोळा होतं. पातळ चादर गोळा होऊन पायात येते, ही जाड असल्यामुळे जागची हलत नाही.

टबाच्या मधोमध ताटलीत पाणी, त्यात उपडी पितळी वाटी. हे तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे टबभर तळं करायची चैन परवडणारी नव्हती. सात नंदीध्वजांवर, म्हणजे यात्रेच्या मिरवणुकीतल्या उंच काठ्यांवर, मात्र मी अडले. काठ्या म्हणून झाडूच्या काड्या घेतल्या होत्या, पण लेकीने एक उचलून सरळ डोळ्यापाशी नेली आणि माझ्या पोटात गोळा आला. शेवटी भाजीच्या पिशवीत उत्तर सापडलं: शेवग्याच्या शेंगा! लांब, टोक बोथट, वाकतात, आणि खाण्यातल्याच. प्रत्येकीच्या एका टोकाला टॉवेलच्या काठाची रंगीत चिंधी घट्ट गाठ मारून बांधली. सासऱ्यांनी मोजून सात आहेत याची दोनदा खात्री केली. सहा झाल्या असत्या तर त्यांनी टब उचलू दिला नसता.

आता भरायचं काय? आमच्याकडे लग्नात ज्वारीच्या अक्षता करतात, आणि यात्रेत तर अक्षता सोहळ्याचंच महत्त्व. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घरात होती. टबात दोन किलो ओतली, टपोरी, पांढरी, हाताला गार. लेक तर वेडीच झाली. मापट्याने भरायची, ओतायची, पुन्हा भरायची. मी फोटो काढत होते.

फोटोच काढत होते, हेच चुकलं. मधेच तिने नाक चोळलं, मग रडायला लागली. उजव्या नाकपुडीत दाणा. सासूबाई केसातली पिन काढायच्या बेतात होत्या, मी त्यांचा हात धरला आणि तिला उचलून दोन गल्ल्या पलीकडच्या बालरोगतज्ज्ञांकडे पळाले. डॉक्टरांनी आधी मला बसवलं. नीट तपासून म्हणाले, मोकळी नाकपुडी बोटाने दाबा, तिच्या तोंडावर तोंड ठेवा आणि एक जोरात फुंकर मारा. दुसऱ्या फुंकरीला दाणा शेंबडासकट माझ्या गालावर! चिमट्याने काढायला जाल तर आत ढकलाल, असं त्यांनी बजावलं. कडधान्य तर ओलाव्याने नाकातच फुगतं, म्हणून वेळ घालवायचा नाही. पाण्यात टाकले की फुगणारे ते रंगीत मणी लहान मुलांच्या घरात आणूच नका, हेही निघता निघता सांगितलं. पोटात गेले तर आतड्यात फुगून अडकतात.

घरी आल्यावर लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याची ३.२ सेंटिमीटर व्यासाची नळी केली. त्यातून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, असा खेळण्यांसाठीचा मापदंड आहे. ज्वारी, शेंगदाणे, बटणं, मणी, सगळं नळीतून गेलं आणि सगळं बाद झालं. राजमा तर दुहेरी बाद, कारण कच्चा राजमा विषारी असतो.

दुसऱ्या दिवशी चुरमुरे भरले. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अर्धे तळ्यात पडून लगदा झाले, उरलेले सासऱ्यांनी कांदा-तिखट घालून संपवले.

मग ज्वारीचं पीठच घेतलं. आठ भाग पिठाला एक भाग तेल, हे प्रमाण. मी चार वाट्या पीठ, अर्धी वाटी करडईचं तेल घेतलं. लेकरू बोट चाटणारच, म्हणून पीठ आधी मंद आचेवर भाजलं. पहिल्या खेपेला गॅस मोठा राहिला आणि खालून करपलं. "भाकरी सोडून काय करायलीस गं?" म्हणत सासूबाईंनी कढई हातातून घेतली. त्यांनी वीस मिनिटं हलवत राहून खमंग भाजलं. पूर्ण गार झाल्यावरच तेल घातलं आणि तळव्यांनी चोळून चोळून एकजीव केलं. मूठ आवळली की लाडू होतो, बोट लावलं की लगेच भुगा. गव्हासारखा चिवटपणा ज्वारीत नसतो, त्यामुळे बोटांना चिकटून बसत नाही. होम मैदान तयार झालं. पाण्याची ताटली मात्र काढून टाकली, नाहीतर मैदानाचा चिखल झाला असता. देऊळ त्या दिवशी कोरड्या ताटलीत.

लेकीला देवळात काही रस नव्हता. तिने वाटी उलटी केली, पिठाने भरली, सासऱ्यांच्या मांडीवर रिकामी केली, पुन्हा भरली. पाऊण तास. मी बाजूलाच बसून होते, फोन स्वयंपाकघरात ठेवून. सासरे मधेच शेवग्याची शेंग उभी धरून यात्रेतल्या गजरासारखं म्हणाले, "बोला हर्र!" तिने वर बघितलं, "हल्ल" म्हणाली आणि परत कामाला लागली.

ते पीठ झाकणाच्या डब्यात आठवडाभर चाललं. दहाव्या दिवशी खवट वास आला, टाकून दिलं. नंदीध्वज मात्र त्याआधीच, दुसऱ्या दिवशी, चिंध्या सोडून, धुऊन, आमटीत गेले. ताटातली फोड बघून लेक ओरडली, "काठी!" सासऱ्यांनी आधी कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि मग ती चोखायला घेतली.